एका प्रश्नाची चार उत्तरं: दिल्लीची लोकसंख्या आणि नव्या पेठेतली एक सराव परीक्षा

मी पुण्यात नव्या पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवतो. छोटा क्लास आहे, साठेक मुलं, बहुतेक मराठवाडा विदर्भातून आलेली, पेठेत कॉट बेसिसवर राहतात, सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा धरतात आणि रात्री मेसचा डबा खाऊन परत तिथेच. दर रविवारी सराव पेपर असतो. तर अशाच एका पेपरात मी प्रश्न टाकला, "२०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या राजधानीची लोकसंख्या किती?" आणि पर्याय दिले २.५८ लाख, १.१० कोटी, १.६३ कोटी, १.६७ कोटी. माझ्या आन्सर की मध्ये चौथा बरोबर होता.

पेपर काढताना चुकीचे पर्याय हवेत म्हणून मी ते जनगणनेच्याच तक्त्यांतून उचलले होते, म्हणजे मुलं नुसत्या अंदाजाने टिक करणार नाहीत. सोमवारी लातूर जिल्ह्यातली एक मुलगी पेपर घेऊन आली. तिने २.५८ लाख टिक केलं होतं आणि पाव मार्क निगेटिव्ह गेला होता. ती म्हणाली, "सर, पुस्तकात राजधानी नवी दिल्ली लिहिलंय, आणि नवी दिल्लीची लोकसंख्या २ लाख ५७ हजार ८०३ च आहे, मग माझं चुकलं कुठे?" तिच्या मागून आणखी दोघं आले, एकाने १.१० कोटी केलं होतं, दुसऱ्याने १.६३, आणि दोघांकडे छापील आकडे होते. मी पाच मिनिटं बोलत राहिलो आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाहीये, फक्त आन्सर की आहे. प्रश्न रद्द केला, सगळ्यांना मार्क दिले. पण ती गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून पुढचे तीन आठवडे आम्ही सगळ्यांनी मिळून तोच एक प्रश्न उकलला, त्याचंच हे सविस्तर टिपण.

आधी ते चार आकडे कुठून येतात ते. २.५८ लाख ही नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीतली माणसं. साधारण ४३ चौरस किलोमीटरचा तुकडा, म्हणजे राष्ट्रपती भवन, संसद, कॅनॉट प्लेस, मोठमोठे सरकारी बंगले. इंग्रजांनी १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा केली आणि मग जी नवी वसवली ती ही, उद्घाटन १९३१ ला. १.१० कोटी म्हणजे दिल्ली महानगरपालिका म्हणून जनगणनेने मोजलेलं शहर. १.६३ कोटी म्हणजे त्याला चिकटून वाढलेल्या वस्त्या धरून झालेला नागरी समूह, यात बुराडी, करावल नगर, किराडी सुलेमान नगर अशी ठिकाणं येतात. ही ठिकाणं बघायला गेलं तर दिल्लीच आहेत, गल्ल्या तशाच, विजेच्या तारांचं जाळं तसंच, पण जनगणनेने ती वेगळी 'सेन्सस टाउन' म्हणून मोजली. आणि १.६७ कोटी म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, १४८३ चौरस किलोमीटर, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात दिल्ली राज्य म्हणतो, नेमका आकडा १,६७,८७,९४१. यात उरलेली ११२ खेडीसुद्धा आली. २००१ ला तीच खेडी १६५ होती. दहा वर्षांत कमी झालेली ५३ गावं कुठे वाहून गेली नाहीत, जागेवरच आहेत, फक्त शहर अंगावर आलं आणि यादीत त्यांचं नाव खेड्यातून शहरात गेलं.

गाव शहरात कसं जातं हे मुलांना नीट माहीत नव्हतं, तर सांगून टाकतो. वस्ती किमान ५०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरचं काम करणारे, एवढं जुळलं की ग्रामपंचायत असली तरी जनगणनेसाठी ते शहर. पुरुषच का, असं त्या मुलीने लगेच विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे, कारण बायका शेतात राबतात ते या व्याख्येत दिसतच नाही. २००१ मध्ये देशात अशी १३६२ सेन्सस टाउन होती, २०११ मध्ये ३८०० च्या वर गेली.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही घातला तो पाचव्या आकड्यावर, जो माझ्या पर्यायांत नव्हताच. एका मुलाने मोबाईल पुढे केला, "सर, इथे तर साडेतीन कोटीच्या जवळ दाखवतंय." संयुक्त राष्ट्रांचा २०१८ चा शहरीकरणाचा अहवाल होता, त्यात २०२५ साठी दिल्लीचा अंदाज साधारण ३ कोटी ४७ लाख दिला होता. हे जनगणनेच्या दुप्पट कसं? एक तर मधे चौदा वर्षं गेली. पण दुसरं कारण हे की आपल्या जनगणनेत नागरी समूह राज्याची सीमा ओलांडत नाही. म्हणून नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात मोजले जातात, गुरुग्राम आणि फरीदाबाद हरयाणात, त्या अहवालात मात्र ती दिल्लीतच धरली होती. मेट्रोही सीमा बघत नाही, नोएडाला २००९ ला गेली आणि गुरुग्रामला २०१० ला, आणि सकाळी त्या डब्यात जी माणसं कोंबलेली असतात ती सगळी दिल्लीचीच गर्दी. २०११ चे या चार शहरांचे आकडे जोडले की ५० लाखांच्या वर जातात, म्हणजे त्याच वर्षीची दिल्ली १.६३ कोटीवरून २.१६ कोटीच्या आसपास जाते, आणि एक माणूसही इकडचा तिकडे हललेला नसतो.

त्याच्या पुढची गंमत बघा, खरं तर गंमत नाही, मला ते वाचून धक्काच बसला होता. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी तोच अहवाल नव्याने काढला आणि त्यात त्याच २०२५ सालची दिल्ली साधारण ३ कोटी निघाली. एकच शहर, एकच वर्ष, एकच संस्था, आणि चाळीस लाखांहून जास्त फरक. कारण यावेळी त्यांनी प्रत्येक देशाने दिलेली हद्द न धरता जमिनीवर एक एक चौरस किलोमीटरच्या चौकटी आखल्या, ज्या चौकटीत किमान १५०० माणसं आणि ज्या एकमेकींना चिकटून आहेत, त्यांची बेरीज किमान ५०,००० झाली की ते शहर. या मापाने जकार्ता जगात पहिलं आलं, ४ कोटी २० लाखांच्या जवळपास, मग ढाका, मग टोकियो, जे आपण इतकी वर्षं पहिलं म्हणून पाठ करत आलो ते तिसऱ्यावर गेलं, आणि दिल्ली चौथी. जकार्ताचं तर आणखी वेगळं, तिथे २०२० च्या त्यांच्या जनगणनेत राजधानीच्या प्रांताची लोकसंख्या फक्त १ कोटी ५ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे शहर चौपट बाहेर सांडलंय.

आता देशाकडे येऊ, कारण मुलांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं होतं की दिल्ली फुगते कारण देशात मुलं फार होतात. हे आता खरं नाही. १९५१ ला देश ३६ कोटी होता, २०११ ला १२१ कोटी, आणि २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने आपण चीनला मागे टाकलं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, दर बाईमागे सरासरी मुलं २.० वर आली, म्हणजे एक पिढी स्वतःची जागा भरून काढायला लागतात त्या २.१ च्या खाली. दिल्लीत तर १.६. महाराष्ट्रात १.७. बिहारात अजून ३.० होती. मग तरीही देश वाढतोय तो का, तर आधीच्या पिढीत जन्मलेली प्रचंड मोठी तरुण फळी आत्ता लग्नाच्या आणि मुलांच्या वयात आहे, प्रत्येकीला दोनच किंवा एकच मूल झालं तरी आयाच इतक्या आहेत की बेरीज वाढतच राहते. माझ्या समोर बसलेले साठ जण हीच ती फळी. एका बाकावरच्या मुलाने हिशेब सांगितला की त्याच्या आजीला सात मुलं, आईला तीन, आणि मोठ्या बहिणीने एकावर थांबायचं ठरवलंय, आणि तरी त्यांच्या घराण्यातली माणसं आजीच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. हे उदाहरण कुठल्याही आलेखापेक्षा लवकर डोक्यात गेलं. ही वाढ थांबायला संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाने २०६० चं दशक उजाडेल, तोपर्यंत १७० कोटींच्या जवळ.

मग १.६ वर असलेली दिल्ली वाढते कशाने, तर तीच मोठी तरुण फळी आणि जोडीला येणारी माणसं. आणि हे आजचं नाही. १९४१ ला दिल्लीत ९ लाख १७ हजार माणसं होती, १९५१ ला १७ लाख ४४ हजार. मधे फाळणी झाली. लाखो मुसलमान दिल्ली सोडून गेले, आणि पश्चिम पंजाबातून त्याहून जास्त निर्वासित आले, लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. दहा वर्षांत ९० टक्के वाढ. पुण्यात राहणाऱ्याला हे समजायला अवघड नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली घरं गेली त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत माणसं वसवली, ते आपल्याकडे अजून घराघरात सांगतात. प्रमाण वेगळं, दुःखाची जात वेगळी, पण एका फटक्यात शहराचा नकाशा बदलतो तो असा.

त्या मुलीचा आकडा, २.५८ लाख, मला नंतर सगळ्यात महत्त्वाचा वाटायला लागला. कारण तो कमी होतोय. २००१ ला नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत ३ लाखांच्या वर माणसं होती. दहा वर्षांत जवळपास १५ टक्के कमी. नवी दिल्ली जिल्हा तर २० टक्क्यांहून जास्त घटला आणि शेजारचा मध्य दिल्ली जिल्हा जवळपास १० टक्के. सगळं दिल्ली क्षेत्र त्याच दहा वर्षांत २१ टक्के वाढलं. म्हणजे राजधानीचा गाभा रिकामा होतोय आणि कडा फुगतायत. काही ठिकाणी घरांची ऑफिसं दुकानं झाली, पण काही ठिकाणी माणसं उठवली गेली. यमुना पुश्ता, नदीकाठची मोठी झोपडवस्ती, २००४ ला पाडली, तिथल्यांपैकी काहींना बवाना, होलंबी कलां अशा पार टोकाला प्लॉट दिले, बाकीच्यांना तेही नाही. धुणंभांडी, हमाली, रिक्षा ही कामं शहराच्या मधोमध आणि झोपायची जागा पंचवीस तीस किलोमीटरवर. तक्त्यात हे 'घट' एवढंच दिसतं. मी वीस वर्षं शिकवतोय आणि उणे चिन्हाला कधी थांबून बघितलं नव्हतं.

आणखी एक, दिल्लीची वाढ मंदावली असं पुस्तकात येतं. १९८१ ते ९१ मध्ये ५१ टक्के, ९१ ते २००१ मध्ये ४७, आणि २००१ ते ११ मध्ये एकदम २१. मी पण वर्गात सांगायचो की बघा, नियोजनाला यश आलं. पण त्याच दहा वर्षांत सीमेपलीकडे गुडगाव (आताचं गुरुग्राम) जिल्हा ७३ टक्के वाढला. दिल्लीत जागा परवडेना म्हणून माणसं रेषेच्या पलीकडे राहायला गेली आणि आकडा शांत झाला. आपल्याकडे पण त्याच काळात पुणे महापालिका २५ लाखांवरून ३१ लाखांवर गेली आणि पिंपरी चिंचवड १० लाखांवरून १७ लाख २७ हजारांवर. आणि हिंजवडीचा आयटी पार्क, जिथे अर्ध्या पुण्याचा ट्रॅफिक रोज अडकतो, तो कितीतरी वर्षं एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत. २०१७ ला अकरा गावं पुण्यात घेतली, २०२१ ला आणखी तेवीस, महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठी झाली, मग २०२४ ला फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर. तिथल्या टँकरवाल्याला मात्र रस्ता तोच आणि पाण्यासाठी रांगेत उभ्या बायकाही त्याच.

हे सगळं नुसतं जनरल नॉलेज असतं तर मी तीन आठवडे घातले नसते. आकड्यावर धान्य मिळतं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरात ५० टक्क्यांपर्यंत लोक घ्यायचे, आणि ती टक्केवारी २०११ च्या लोकसंख्येवर बांधली. देशभर ८१ कोटी ३५ लाखांची मर्यादा, दिल्लीच्या वाट्याला साधारण ७२ लाख ७८ हजार, महाराष्ट्राच्या वाट्याला ७ कोटी. २०११ नंतर जो जन्मला किंवा जो शहरात आला तो त्या मर्यादेच्या दारात उभा. दिल्लीची २०२१ ची लोकसंख्या सरकारी तज्ज्ञ गटाच्याच अंदाजात २ कोटी ५ लाख होती, पण कोट्याचं मोजमाप १.६७ कोटीचंच. २०२१ ची जनगणना कोविडमुळे गेली ती गेलीच, १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी साखळी पहिल्यांदा तुटली. आता १ मार्च २०२७ चे शून्य तास हा मोजणीचा क्षण ठरलाय, बर्फाच्या भागांत १ ऑक्टोबर २०२६.

आणि जनगणना होते तेव्हाही सगळे सापडत नाहीत. २०११ नंतर जी पडताळणी पाहणी झाली त्यात हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. ऐकायला किरकोळ. १२१ कोटींवर लावून बघा, पावणेतीन कोटींच्या वर जातं, म्हणजे अख्ख्या दिल्लीएवढी माणसं मोजायची राहून गेली आणि तरी वर कोटभराहून जास्त उरली. फळ्यावर हा गुणाकार केला तेव्हा वर्गात खरंच कुणी बोललं नाही.

मग मी विचारलं, तुम्ही कुठे मोजले जाणार? "गावाला" म्हणून साठपैकी चाळीसच्या वर हात वर आले. नियम २०११ ला असा होता की मोजणीचे जे वीस दिवस असतात, ९ ते २८ फेब्रुवारी, त्या सगळ्या काळात तुम्ही घरी नसाल तर घरच्या यादीत तुमचं नाव येत नाही, तुम्ही जिथे आहात तिथे येतं. परीक्षेच्या तयारीची मुलं फेब्रुवारीत गावाला कुठे जातात. म्हणजे ती पेठेतलीच. पण पेठेतल्या फ्लॅटमध्ये आठ मुली राहतात आणि मालक सोसायटीला चार सांगतो, मग मोजणीवाल्या बाई दारात आल्यावर आठ म्हणून कोण सांगणार. आणि गावाकडे बाप सवयीने लिहून देणार की पोरगी आमचीच आहे. एका ठिकाणी जास्तीची आणि एका ठिकाणी नाहीच.

त्या लातूरच्या मुलीने तिथेच वर्गातून वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. तिने समजावून सांगितलं की अण्णा, तेव्हा मला घरच्या यादीत धरू नका, मी इथे मोजली जाईन. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "फोन दे तुझ्या सरकडं." मी नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "तिचं नाव हितं नाही सांगितलं तर राशनमधून काटतेत का काय सर?"

मी त्यांना सांगितलं की जनगणनेत दिलेली माहिती १९४८ च्या कायद्याने गुप्त असते, कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, कुणाला ती उघडून बघता येत नाही, त्यावरून कुणाच्या रेशन कार्डावरचं नाव कापत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा "बरं" म्हणाले. आणि मग म्हणाले की सर, तुमचं खरं असेल, पण मागं एकदा माझ्या भावाचं नाव असंच निघालं होतं, ते परत चढवायला दोन वर्षं लागली, तर मी जरा इचार करतो.

मला त्यांना पुढे काही सांगता आलं नाही. मुलीने फोन बंद केला आणि म्हणाली, मी दिवाळीत गेल्यावर बोलते त्यांच्याशी. त्या रविवारच्या पेपरात मी प्रश्न बदलून टाकला, चार आकडे दिले आणि खाली विचारलं की प्रत्येक आकडा कुठल्या हद्दीचा ते लिहा, आणि त्या हद्दीबाहेर कोण राहिलं तेही लिहा. त्याला पर्याय दिले नाहीत. तपासायला रात्रीचे दोन वाजले, कारण बऱ्याच जणांनी दिल्लीचं दोन ओळीत उरकून खाली आपल्या खोलीत किती जण राहतात ते लिहिलं होतं.